राखीव इंजिन

“बाबा, रोज सकाळीं त्या गाडीभोंवतीं कसली प्रदक्षिणा घालतां?” सूनबाईनें एके दिवशीं चहाचा पेला पुढें ठेवतांना विचारलें, आणि साखरेच्या डब्याजवळ पकडल्या गेलेल्या मुलासारखी माझी अवस्था झाली. हिरोशिमांत चिरंजिवांकडे येऊन मला तीन आठवडे झाले होते. पहांटे जाग येण्याची खोड वयाबरोबर जडलेली. घरांतलीं मंडळी झोपलेलीं असत, तेव्हां मी हळूच दार लोटून बाहेर येई आणि अंगणांतल्या छपराखालीं उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या झांकणावर तळहात टेकवून पाही. झांकण थंड. दुसऱ्या दिवशीं पाही, तरी थंडच. संध्याकाळीं मुलगा कामावरून परत आल्यावर पाही, तेव्हांहि थंड!

“तिच्यांत इंजिन आहे ना?” मीं विचारलें.

“आहे कीं.”

“मग तें चालतं केव्हां?”

“तें चालावंच लागूं नये, अशी तर सारी योजना आहे, बाबा. शेवटचं फेब्रुवारींत केव्हां तरी चाललं असेल.”

हें संभाषण जूनच्या आरंभीं चाललें होतें. म्हणजे चार महिने! माझ्या छातींत कांहीं तरी खट्‌कन् वाजलें. परंतु तें मीं चेहऱ्यावर दिसूं दिलें नाहीं. मीं चाळीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकवलें आहे. यंत्रें मीं चालवलीं थोडीं आणि फळ्यावर काढलीं फार. सूनबाई मात्र यंत्रशास्त्राची पदवी घेतलेली आहे. तेव्हां तिच्यापुढें एकदम विद्वत्ता पाजळण्याचें धैर्य मला होईना.

या गाडीचा वाचकांना परिचय करून देणें अवश्य आहे; कारण आपल्याकडच्या रस्त्यांवर ती दृष्टीस पडत नाहीं. माझदा कंपनीनें २०२३ सालीं बाजारांत आणलेली ‘एम्‌एक्स्-३०’ची ही एक जात. चाकें फिरवण्याचें काम सर्वस्वीं विजेच्या मोटारीचें. बॅटरी १७.८ किलोवॅट-तासांची, ती रात्रीं घरीं भरून ठेवली, कीं जपानी मोजमापाप्रमाणें गाडी १०७ किलोमीटर जाते. चिरंजिवांचें जाणें-येणें दिवसाला पंचवीस किलोमीटरांचें; त्यामुळें महिनोन् महिने पेट्रोलचा थेंबहि जळत नाहीं. परंतु बॅटरी संपत आली, कीं झांकणाखालचें एक लहानसें इंजिन जागें होतें आणि जनित्र फिरवून वीज तयार करूं लागतें. त्या इंजिनाचा आणि चाकांचा परस्पर संबंध मुळींच नाहीं. तें वीज करणार, वीज मोटारीला मिळणार, आणि मोटार चाकें फिरवणार. अशा इंजिनाला ‘रेंज एक्स्टेंडर’ असें म्हणतात. मीं आपलें त्याचें नांव ‘राखीव इंजिन’ ठेवलें. (‘माझदा’ हें नांव ऐकून मला मुंबईच्या आमच्या पारशी शेजाऱ्यांची आठवण झाली होती. ती अगदींच अस्थानीं नव्हती. ‘अहुर मझ्द’ या देवतेवरून हें नांव घेतल्याचें कंपनीच सांगते, आणि संस्थापकांचें आडनांव मात्सुदा असल्यामुळें तें दोन्हीं अंगांनीं जुळलें.)

ही गाडी मुलानें हौसेखातर घेतली नव्हती. २०१८ च्या जुलै महिन्यांत पश्चिम जपानांत अतिवृष्टि झाली. हिरोशिमा प्रांतांत डोंगरांचे उतार वस्त्यांवर घसरून आले आणि शंभरांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. मुलाचें घर वांचलें. पण दोन दिवस वीज नव्हती, आणि माझी नात तेव्हां दीड महिन्यांची होती. काळोखांत, मेणबत्तीच्या उजेडांत त्या अर्भकाचें दूध कोमट करतांना सूनबाईनें मनाशीं जें ठरवलें असेल, त्याचें फळ म्हणजे ही गाडी. तिच्यांतून १५०० वॅटपर्यंतचीं घरगुती उपकरणें चालवण्याची सोय आहे. बॅटरींतली वीज आटली, तर इंजिन आहे. आणि इंजिनासाठीं ५० लिटरांची टांकी आहे. म्हणजे हें इंजिन चैनीचें नव्हे, तर वेळप्रसंगाची तजवीज. आणि ती तजवीज चार महिने थंडगार पडून होती.

माझ्या जिवाची घालमेल कां होत होती, हें सांगावयाचें तर मला पन्नास-साठ वर्षें मागें आणि वाईपासून तीन कोसांवर असलेल्या आमच्या गांवीं जावें लागेल.

आमच्या विहिरीवर वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, १९६२ सालीं पांच अश्वशक्तीचें ऑईल इंजिन बसवलें. मोट सुटली, बैल सुटले, आणि त्या इंजिनाच्या धक् धक् आवाजावर आमच्या शिवारांत लोक वेळ ओळखूं लागले. पुढें १९७४ मध्यें वीज आली, विजेचा पंप बसला, आणि इंजिन निवृत्त झालें. पण अण्णांनीं त्याला निवृत्त होऊं दिलें नाहीं. दर शनिवारीं सकाळीं मारुतीला तेल घालून झालें, कीं ते विहिरीवर जात आणि इंजिनाला तेल घालीत. मग माझे थोरले बंधु, आमचे दादा, हँडल मारीत. इंजिन सुरू होई, पाणी पाटाला पडूं लागे. पिकाला पाणी हवें असो वा नसो, इंजिन रिकामें फिरवावयाचें नाहीं, पाणी ओढतच चालवावयाचें, हा अण्णांचा दंडक. इंजिनाच्या पोटांतून फिरून बाहेर येणाऱ्या पाण्याच्या धारेखालीं ते हात धरून उभे राहत. धार आधीं गार लागे, मग कोमट. “हाताला गरम लागेपर्यंत बंद करायचं नाहीं,” असें ते दादाला दर शनिवारीं सांगत, जणूं मागच्या शनिवारीं सांगितलेंच नव्हतें.

मी त्या वेळीं नुकताच पदवीधर झालेला. वर्षाच्या बावन्न शनिवारांना किती डीझेल जळतें, याचा हिशेब मीं एकदां कागदावर मांडून अण्णांना दाखवला. त्यांनीं तो लक्षपूर्वक वाचला, घडी करून खिशांत ठेवला, आणि पुढच्या शनिवारीं ते विहिरीवर गेले.

१९८८ सालीं अण्णा गेले. दादांनीं शनिवार चालू ठेवला. १९९६ च्या गणपतींत मी गांवीं गेलों असतां तोच हिशेब मीं दादांपुढें मांडला. आतां त्यांत चालू भावाचे आंकडे होते, त्यामुळें तो अधिक भारदस्त दिसत होता. बावीस वर्षांत या इंजिनाची खरी गरज कितीदां लागली, असा प्रश्नहि मीं विचारला. दादा माझ्यापेक्षां सात वर्षांनीं मोठे; पण मी पुण्यास राहून शिकलेला आणि शिकवणारा! त्यांनीं माझें ऐकलें. बस्स, एवढेंच झालें. त्यांनीं माझें ऐकलें.

२००३ सालचा उन्हाळा सातारा जिल्ह्यानें दुष्काळांत काढला. एप्रिलमध्यें आमच्या शिवारांतला ट्रान्सफॉर्मर जळला. नवा यावयास तेवीस दिवस लागले. विहिरीला पाणी होतें, वर काढावयाला कांहीं नव्हतें. दादांनीं इंजिनावरचें पोतें दूर केलें आणि हँडल घातलें, तर हँडल हालेना. मिस्त्री बोलावला. त्यानें हेड उघडून दाखवलें. पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला धरून बसल्या होत्या, नोझल बुजलें होतें, आणि टांकींतल्या डीझेलचा तळाशीं चिखल झाला होता. दोन एकर ऊस डोळ्यांदेखत वाळला. पुतणीचें लग्न त्या वर्षीं व्हावयाचें होतें, तें दीड वर्ष लांबलें. दादांनीं मला पत्रानें ऊस गेल्याचें कळवलें. इंजिनाचा त्यांत शब्दहि नव्हता. मींहि उत्तरांत तो काढला नाहीं. तेव्हांपासून आमचें बोलणें पाऊस, प्रकृति आणि सणवार यांच्या हद्दींत राहिलें आहे. वहिनींनींसुद्धां कधीं बोलून दाखवलें नाहीं. आणि ज्या घरांत वहिनी बोलून दाखवीत नाहींत, त्या घरांत गोष्ट किती खोल गेली असेल, हें जाणत्यांस सांगावयास नको.

यांपैकीं सूनबाईला त्या सकाळीं मीं कांहींच सांगितलें नाहीं. “न वापरलेलं इंजिन बिघडतं,” एवढेंच म्हणालों. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मग आधीं हें इंजिन आहे तरी कसं, तें तुम्हांला दाखवतें.”

माझदाचें संग्रहालय हिरोशिमाला लागून असलेल्या फुचू या गांवीं, कंपनीच्या मुख्य ठाण्यांतच आहे. अगोदर नांव नोंदवून जावें लागतें. १९४५ च्या ६ ऑगस्टला शहराची राख झाली, तेव्हां मध्यें हिजियामा नांवाची टेकडी आडवी असल्यामुळें हा कारखाना मोठ्या नाशांतून वांचला. पुढें कांहीं महिने प्रांताची सरकारी कचेरी याच जागेंत चालली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत येथें तीनचाकी मालगाड्या पुन्हां तयार होऊं लागल्या. हें सारें वाचून मी गप्प झालों होतों. तोंच नातीनें माझा हात ओढला, “आजोबा, ओनिगिरी!”

समोर त्या इंजिनाचा रोटर होता. ओनिगिरी म्हणजे जपानी मुलांच्या डब्यांतला भाताचा तिकोनी मुटका. मला तो थेट शिंगाडा दिसला. तीन टोकें, आणि तीनहि बाजू किंचित् फुगीर. हा शिंगाडा ज्या पोकळींत फिरतो, तिचा आकार दोन दाण्यांच्या टपोऱ्या भुईमुगाच्या शेंगेसारखा, म्हणजे कमरेशीं जरा दबलेला. शिंगाडा मधल्या दांड्यावर थोडा बाजूला बसवलेला असल्यामुळें तो केवळ फिरत नाहीं, तर डुलत डुलत फिरतो. आणि त्याचीं तिन्हीं टोकें शेंगेच्या आंतल्या भिंतीला सतत चिकटून राहतात. त्यामुळें भिंत आणि रोटर यांच्यामध्यें तीन खोल्या होतात. त्या फिरतां फिरतां लहान-मोठ्या होत जातात. एक खोली हवा आणि पेट्रोल ओढते, तेव्हां दुसरी दाबते वा जाळते, आणि तिसरी धूर बाहेर टाकते. रोटराचा एक फेरा होतो, तेवढ्यांत दांड्याचे तीन होतात. वरखालीं धांवणारा पिस्टन नाहीं, झडपा नाहींत, उलटसुलट हिसके नाहींत. फळ्यावर काढावयाला याहून देखणें इंजिन मीं पाहिलें नव्हतें.

परंतु फळ्यावरचें देखणेपण आणि लोखंडाचा संसार यांत अंतर असतें. हें इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेंतून निघालें आणि एन्‌एस्‌यू कंपनीच्या कारखान्यांत १९५७ च्या फेब्रुवारींत प्रथम फिरलें. वांकेल इतका अधू दृष्टीचा, कीं मोटार चालवण्याचा परवाना त्यानें कधींच काढला नाहीं! माझदानें (त्या वेळीं ती तोयो कोग्यो होती) १९६१ मध्यें एन्‌एस्‌यूकडून हक्क घेतले, आणि केनइचि यामामोतो यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस अभियंते कामास लागले. कांहीं तास इंजिन चाललें, कीं शेंगेच्या आंतल्या भिंतीवर कुळवाच्या फासांसारखे आडवे ओरखडे उठत. त्यांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. रोटराच्या टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, त्या भिंतीवरून जातांना थरथरत आणि तिला ओरबाडीत. कित्येक पदार्थ वापरून पाहिल्यावर ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी त्यांना साधली, आणि १९६७ सालीं ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही गाडी बाहेर पडली. त्याच वर्षीं एन्‌एस्‌यूनेंहि आपली ‘आर्‌ओ ८०’ काढली. पण तिच्या पट्ट्या इतक्या झिजत, कीं रस्त्यांत समोरासमोर आलेले तिचे मालक एकमेकांना बोटें दाखवून आपण आतांपर्यंत किती इंजिनें बदललीं तें सांगत, अशी दंतकथा आहे. १९७३ च्या तेलटंचाईनें या खादाड इंजिनाचे हाल झाले; १९९१ मध्यें फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या चार रोटरांच्या इंजिनानें जिंकली; आणि २०१२ मध्यें धुराच्या व इंधनाच्या कडक नियमांपुढें ‘आर्‌एक्स्-८’बरोबर तें मोटारींतून नाहींसें झालें.

मग अकरा वर्षांनीं तें परत कसें आलें? संग्रहालयाच्या बांकावर बसून सूनबाईनें मला तें समजावलें, आणि मी विद्यार्थी होऊन ऐकलें.

या इंजिनाचें दुःख असें, कीं त्याच्या जळणाची जागा लांबट आणि चपटी. ज्वाला कोपऱ्यांपर्यंत नीट पोंचत नाहीं. कांहीं इंधन न जळतांच बाहेर जातें. शिवाय जळणें नेहमीं भिंतीच्या एकाच बाजूला होतें, त्यामुळें ती बाजू सदा तापलेली आणि समोरची सदा थंड. अशा इंजिनाला कधीं जोरानें, कधीं हळू, कधीं चढावर, कधीं चौकांत थांबत चालवा, कीं त्याच्या साऱ्या खोडी उफाळून येतात. पण त्याला चाकांपासून सोडवा आणि केवळ जनित्र फिरवावयास बसवा, म्हणजे तें आपल्या सोयीच्या गतीनें फिरूं शकतें. मग त्याचे गुण पुढें येतात. आकार लहान, वजन हलकें, थरथर जवळ जवळ नाहीं. मोटार आणि जनित्र यांच्या शेजारीं एकाच दांड्याच्या रेषेंत तें मावतें. ऑडी कंपनीनें २०१० मध्यें जिनीव्हा येथें असलेंच एक २५४ घनसेंटिमीटरांचें पिल्लू गाडीच्या मागच्या भागांत बसवून दाखवलें होतें. परंतु ती गाडी बाजारांत आली नाहीं. माझदाचें आतांचें इंजिन एका रोटराचें, ८३० घनसेंटिमीटरांचें आहे. पट्ट्यांची जाडी दोनवरून अडीच मिलिमीटर केली आहे, आणि बाजूच्या भिंती ॲल्युमिनियमच्या करून पंधरा किलोंहून अधिक वजन कमी केलें आहे. इतकें करूनहि तें अल्पाहारी झालेलें नाहीं. बॅटरी संपल्यावर एका लिटरला पंधरा किलोमीटरांच्या आसपासच त्याचें मान आहे. एवढें तर आजकालची साधी पेट्रोलची गाडीहि देते. ज्याला रोज लांबचा प्रवास आहे, त्यानें ही गाडी घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत झालें. आणि सूनबाईचेंहि तेंच आहे.

“आतां तुमचा प्रश्न,” ती म्हणाली. “न वापरल्यानं काय होतं? चार गोष्टी होतात.” पण तिनें त्या चारांवर थांबवल्या नाहींत. पेट्रोल दीर्घकाळ पडून राहिलें, कीं त्यांतला हलका अंश उडून जातो आणि चिकट राळ मागें उरते. म्हणून जो सहसा विजेवरच फिरतो, त्यानें पन्नास लिटरांची टांकी गच्च भरून वर्षभर ठेवण्यांत शहाणपण नाहीं. थोडें पेट्रोल घ्यावें आणि तें संपवून ताजें घ्यावें. वंगणाचें तेल किलोमीटरांनींच जुनें होतें असें नाहीं, महिन्यांनींहि होतें. म्हणून गाडी फारशी न चालली तरी तें ठरल्या मुदतींत बदलावें. रोटरी इंजिनांत तर पट्ट्या झिजूं नयेत म्हणून एक लहानसा पंप थोडें थोडें तेल मुद्दाम जळणाच्या जागेंत सोडीत असतो. म्हणजे तेल कमी होणें हा येथें रोग नव्हे, तो आहार आहे. पण त्यामुळेंच तेलाची पातळी वारंवार पाहावी लागते. नेहमींच्या गाडीची संवय झालेला मनुष्य ती पाहत नाहीं, आणि तेथें घात होतो. पाणी आटून इंजिन तापणें हेंहि याला इतरांपेक्षां अधिक बाधतें.

“आणि दर आठवड्याला दोन मिनिटं सुरू करून बंद केलं तर?” मीं विचारलें.

“तें सर्वांत वाईट,” ती म्हणाली. थंड इंजिन क्षणभर चालवून थांबवलें, कीं जळणांतून निघालेली वाफ आंतच पाणी होऊन बसते, पेट्रोल तेलांत उतरतें, काजळी धरते. जुन्या रोटरी गाड्यांत तर घराबाहेरची गाडी दारांत घेऊन लगेच बंद केली, कीं आंत पेट्रोल तुंबून ती पुन्हां सुरू होण्यास नकार देई. या गाडींत केव्हां सुरू व्हावें आणि केव्हां थांबावें हें बहुतेक संगणक ठरवतो, म्हणून तो प्रसंग सहसा येत नाहीं. पण तत्त्व तेंच, कीं सुरू केलें तर पुरतें तापेपर्यंत चालवावें. अमेरिकेंत २०१० ते २०१९ पर्यंत बनलेली ‘शेव्हरोले व्होल्ट’ ही गाडी, इंजिन सहा-एक आठवडे वापरलें नाहीं तर आपण होऊन तें चालवी. आणि टांकींतलें पेट्रोल वर्षाचें झालें, तर तें जाळून टाकी. म्हणजे आमच्या अण्णांचा शनिवार त्या मंडळींनीं संगणकांत घालून ठेवला होता!

आणखी एक गोष्ट तिनें सांगितली, ती माझ्या मनांतून जात नाहीं. अशा इंजिनाचा जोर तपासावयाचा तर साध्या मापकाचा उपयोग नाहीं. कारण एकाच भोंकासमोरून तिन्हीं खोल्या पाळीपाळीनें जातात, आणि साधा कांटा त्यांतल्या सर्वांत बळकट खोलीचाच आंकडा दाखवून थांबतो. दुबळी झालेली खोली तिच्याआड लपून राहते. म्हणून तिन्हींचा जोर वेगवेगळा सांगणारें निराळें उपकरण लागतें.

पुढच्या रविवारीं आम्ही ओनोमिचीला जावयाचें ठरवलें. समुद्रकांठचें, डोंगरउतारावर देवळें असलेलें हें गांव हिरोशिमापासून सुमारें नव्वद किलोमीटर आहे. निघण्यापूर्वीं सूनबाईनें तेलाची पातळी पाहिली. मीं चष्मा लावून तिच्यामागून पुन्हां पाहिली. सपाट रस्ता लागल्यावर तिनें गाडीच्या तीन रीतींपैकीं ‘चार्ज’ ही रीत लावली. या रीतींत बॅटरी किती राखावयाची हें आपण सांगावयाचें, आणि तेवढी भरण्याचें काम इंजिनानें करावयाचें. बॅटरी साठ टक्क्यांवर आली होती. तिनें राखीव मर्यादा ऐंशीवर नेली. मी कान देऊन बसलों. हँडल नाहीं, धूर नाहीं, धक् धक् नाहीं. शेजारच्या घरीं कोणी शिवणयंत्र चालवीत असावें, तसा आवाज पायांखालून येऊं लागला. “सुरू झालं, बाबा,” ती म्हणाली. नातीला तें ऐकूंहि आलें नव्हतें.

त्या आवाजावर मीं तिला दादांची गोष्ट सांगितली. हिशेबाचा कागद, १९९६ चे गणपति, ऊस, पुतणीचें लग्न, सारें सांगितलें. मुलगा पुढें बसला होता. त्यालाहि ती गोष्ट ठाऊक नव्हती. गाडी चालवीत असल्यामुळें सूनबाईनें माझ्याकडे पाहिलें नाहीं, आणि तेंच मला बरें वाटलें. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, “मोठे काका हें कधींच बोलले नाहींत.”

“नाहीं,” मी म्हणालों.

परत आलों तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते. मीं झांकणावर हात टेकवला. हात ठेववेना, इतकें तें तापलें होतें. इकडचे नऊ म्हणजे गांवीं संध्याकाळचे साडेपांच. दादा चहा घेऊन ओटीवर बसले असणार. मीं आंत जाऊन फोन लावला. पाऊस झाला, प्रकृति झाली.

“दादा, आज इकडे एक इंजिन चालवलं. चार महिने बंद होतं.”

ते क्षणभर कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “किती वेळ चालवलंत?”

“तासभर तरी.”

“गरम होईपर्यंत?”

“हो, हात ठेववेना इतकं.” आणि मग एका दमांत मीं म्हणून टाकलें, “दादा, तुमचा शनिवार मीं बंद करवला.”

“ऐकलं तें मींच ना?” ते म्हणाले. पलीकडे पेला खालीं ठेवल्याचा आवाज आला. “तें अजून छपराखालींच आहे. भंगारवाला दोनदां येऊन गेला. दिलं नाहीं.”

“उघडून पाहूं या का एकदां?”

“उघडलेलंच आहे. ब्लॉक शाबूत आहे, मीं पाहिलाय. लायनर आणि रिंगा लागतील. इकडे मिळत नाहींत त्या आतां. तूं पुण्यांत चौकशी कर. माप मी उद्यां घेऊन कळवतों.” मागून वहिनींनीं कोणाचा फोन म्हणून विचारलें असावें, कारण दादा तोंड फिरवून म्हणाले, “धाकट्याचा आहे. इंजिनाचं विचारतोय.”

दुसऱ्या दिवशीं दुपारीं माझ्या फोनवर एका कागदाचें छायाचित्र आलें. दादांच्या कंपवातानें वाकड्या झालेल्या अक्षरांत लायनरचें माप, रिंगांची संख्या आणि जाडी लिहिली होती. त्याखालीं एक ओळ होती: ‘माप दोनदां घेतलें आहे.’